आधी टिपरी, मग पेटी

विदर्भाबाहेरच्या माणसाला भुलाबाई समजावून सांगायची वेळ आली की मी ‘आमचा भोंडला’ एवढे म्हणून सुटका करून घेतो. ते पूर्ण खरे नाही, पण चालून जाते. पुण्याकडे हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. आमच्या वर्धा-नागपूर-अमरावतीकडे, आणि तिकडे खानदेशातही, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर भुलाबाई बसते. कुंभाराकडून आणलेली मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर गणोबा. भिल्लीण झालेली पार्वती शंकराला घेऊन माहेरपणाला आली आहे, अशी सगळी कल्पना. सांज झाली की पोरी टिपऱ्या घेऊन निघायच्या, एकेका अंगणात गाणी म्हणायच्या आणि शेवटी त्या घरचा झाकून ठेवलेला खाऊ ओळखायच्या.

मी या पोरींमागे जायचो तो खाऊसाठी. वय पाच-सहा. माझी आपा माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात मुसलमानांची घरे बोटांवर मोजण्याइतकी. आमचे अंगण आणि शेजारच्या काकूंचे अंगण यांच्यामध्ये तुऱ्हाट्यांचे एक कुंपण, तेही पावसाळ्यानंतर अर्धे पडलेले. आपा त्या फेरात होती आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. आमच्या घरी भुलाबाई बसत नसे, पण एक संध्याकाळ पोरी आमच्याही अंगणात गायला यायच्या. अम्मीने पहिल्या वर्षी मलिदा केला. तो कुणालाच ओळखता आला नाही. मग पुढे दरवर्षी आमच्या दारात पहिलाच अंदाज ‘मलिदा!’ असा यायचा आणि अम्मीला दुसरे काहीतरी शोधावे लागायचे.

तो माझा गाण्याचा पहिला वर्ग होता, हे मला फार उशिरा कळले. कविता लिहायला लागून वीस-पंचवीस वर्षे झाल्यावर.

त्या वर्गात काय शिकवले जात होते ते बघा. भुलाबाईची बहुतेक गाणी तीन-चार-पाच सुरांतच फिरतात. ओळीचा शेवट पुन्हा पुन्हा त्याच सुरावर येऊन टेकतो. त्यामुळे नव्या पोरीला आधीचे शब्द येत नसले तरी कुठे सामील व्हायचे ते कळते. पहिल्या वर्षी ती फक्त त्या शेवटच्या सुराला येते. दुसऱ्या वर्षी अर्धी ओळ, तिसऱ्या वर्षी सगळे गाणे. मध्ये परीक्षा नाही, नापास होणे नाही. काही गाणी साखळीची असतात. प्रत्येक कडव्यात एक नवी वस्तू येते आणि मागच्या सगळ्या वस्तू उलट क्रमाने पुन्हा म्हणायच्या असतात. पाटीवर दहा शब्द लिहायला रडणारे लेकरू इथे दहा गोष्टी तालात, न चुकता, मागे मोजत नेते.

आणि टिपरी! एक ठोका स्वतःच्या टिपरीवर, दुसरा समोरचीच्या. ठेका चुकला तर समोरचीच्या बोटाला लागते. चूक तत्काळ कळते, आणि ती मास्तर नाही, मैत्रीण सांगते. तिची सांगण्याची भाषा कधीकधी जरा तिखट असायची, एवढेच. फुगडीत याच्या पुढची पायरी. लय वाढत जाते, दुप्पट होते. श्वास कुठे घ्यायचा ते अंग आपोआप ठरवते. गवयाला जी गोष्ट वर्षानुवर्षे घोटावी लागते, तिची ओळख आमच्या पोरींना आठव्या-नवव्या वर्षी होऊन जायची, शेणाने सारवलेल्या अंगणात.

पोरांसाठी पोळा होता. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या सुरू व्हायच्या. एकाने उंच आवाजात ओळी टाकायच्या, त्यात गावातल्या सावकारापासून सरपंचापर्यंत कुणाचीही फिरकी घ्यायची आणि शेवटी सगळ्यांनी एका दमात महादेवाचा गजर करायचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. चाकांचे लाकडी बैल घेऊन पोट्टे घरोघरी बोजारा मागत फिरतात आणि मोठ्यांच्या झडत्यांची नक्कल करतात. झडतीत सूर फारसा नाही. पण ओळ संपल्यावर सगळा जमाव एक क्षण थांबतो आणि मग एकदम उसळतो. तो थांबा किती वेळाचा, हे कुणी मोजत नाही, तरी सगळ्यांचा सारखाच असतो. छंद म्हणजे काय हे मला नंतर पुस्तकात वाचायला मिळाले. ऐकला होता तो तिथे.

आपा अकरा वर्षांची झाली तेव्हा शहरातून आलेल्या एका नातेवाइकांनी विषय काढला. मुलगी मोठी झाली, आता हे बरे दिसत नाही. देवीची गाणी आहेत शेवटी. अम्मी काही बोलली नाही. त्या वर्षी आपा गेली नाही. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारले, “काहून भाबी, आज पोट्टी नाई आली?” अम्मीने अंगात ताप आहे म्हणून सांगितले. महिनाभर तोच ताप चालला. पलीकडे गाणी सुरू झाली की आपा दाराशी बसायची आणि चौकटीवर बोटांनी ठेका धरायची. हे आमच्याच घरात घडले असे समजू नका. काकूंच्या सोळा वर्षांच्या सुनेलाही माजघरातूनच गाणी ऐकावी लागत होती. मुलींची ही शाळा तशी सगळ्यांचीच लवकर सुटायची. तरीही तो ताप मी विसरलो नाही.

माझे गाणे सुटले ते शाळेत. पंधरा ऑगस्टच्या समूहगीतासाठी गुरुजींनी पेटी काढली, सूर धरला आणि आम्हाला ओळीने म्हणायला लावले. माझ्यापाशी येऊन थांबले. “तू मागे उभा राहा. नुसते ओठ हलव.” मी ओठ हलवले. पुढची कितीतरी वर्षे ओठच हलवत राहिलो. त्याच शाळेच्या कपाटात एका लाकडी पेटीत गंजलेल्या टकळ्या पडलेल्या होत्या. त्या कशासाठी आहेत ते कुणी आम्हाला सांगितले नाही. आम्ही त्यांचे भोवरे करायचो.

त्या टकळ्यांचा आणि माझ्या ओठांचा संबंध मला सेवाग्रामला कळला. एका काव्यवाचनासाठी गेलो होतो. वेळ होता म्हणून तिथे जुनी कागदपत्रे चाळत बसलो. त्यात १९३७-३८ चा अभ्यासक्रम हाती आला.

वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली. मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त होते, अध्यक्ष गांधीजी. सात वर्षांचे सक्तीचे मोफत शिक्षण, मातृभाषेतून, एका हस्तोद्योगाच्या आधाराने, अशी मूळ कल्पना. तपशील ठरवायला समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. हेच पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. मुलांसाठी ‘अब्बू खाँ की बकरी’ लिहिणारेही हेच. समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम आणि आशादेवी होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अहवाल तयारही झाला. ‘नई तालीम’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चरखा येतो, टकळी येते. पण त्या अभ्यासक्रमात संगीत हा स्वतंत्र विषय होता, हे आपण विसरलो.

आणि तो कसा शिकवायचा? मुलांना चांगली गाणी यावीत, चांगल्या संगीताची आवड लागावी, हा हेतू. लेकराला तालाची जाण उपजतच असते, तेव्हा हातांनी ठेका धरण्यापासून सुरुवात करावी. गाण्यांत लोकगीतांना जागा असावी. भर एकत्र गाण्यावर द्यावा. ते वाचताना मला आमचे अंगण दिसले. आधी टिपरी, मग पेटी, असा तो क्रम होता. आमच्या शाळेत तो उलटा झाला होता.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. आर्यनायकम जाफन्याचे तमिळ. ते शांतिनिकेतनात शिकवत होते, रवींद्रनाथांचे सचिव होते. आशादेवीही शांतिनिकेतनातून आलेल्या. ऋतूंचे उत्सव गाण्यांनी साजरे करण्याची तिथली रीत त्यांच्या अंगात मुरलेली. पुढे १९४४ साली शांतिनिकेतनचेच देवीप्रसाद चित्रकला शिकवायला सेवाग्रामला आले. दुसरा प्रवाह साबरमतीचा. विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी तिथे आश्रमाला गाते केले होते. १९३८ च्या फेब्रुवारीत काँग्रेसने हरिपुऱ्याच्या अधिवेशनात वर्ध्याची योजना स्वीकारली. पंडित खरे यांचे निधनही त्याच महिन्यात हरिपुऱ्यातच झाले. आणि तिसरा प्रवाह इथलाच, आपल्या मातीचा. काका कालेलकर त्या काळात वर्ध्यात राहत होते. त्यांनी आणि कथाकार वामन चोरघडे यांनी मिळून ‘साहित्याचे मूलधन’ या नावाने लोकगीतांचे संकलन काढले, तेही १९३८ सालचे. बायकांच्या ओव्यांना ‘मूलधन’ म्हणायचे, हा त्या नावातला विचार मला फार मोठा वाटतो. सावकाराच्या हिशेबात मुद्दल आणि व्याज असते. आपण मिरवतो ती कविता व्याजाची, मुद्दल जात्यावर आहे, असे सांगणारे ते नाव.

गंमत अशी की याच सुमारास सातासमुद्रापलीकडे हंगेरीत झोल्टान कोडाय हा संगीतकार जवळजवळ हेच बोलत होता. त्याने आणि बेला बार्टोकने १९०५-०६ पासून खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची गाणी टिपली होती. जशी मुलाला बोलण्याची मातृभाषा असते तशी संगीताचीही असते आणि ती म्हणजे त्याच्या लोकांची गाणी, हा त्याचा आग्रह. वाद्य नंतर, आधी गळा. मुलांनी दोन आवाजांत गायची छोटी गाणी त्याने पुस्तकरूपाने आणली ती १९३७ सालीच. जर्मनीत कार्ल ऑर्फ टाळ्या, पावले आणि बोलण्याचा ठेका यांतून संगीत शिकवण्याची पद्धत बांधत होता. वर्ध्याला हे ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. पण हंगेरीत १९५० साली केचकेमेट गावी रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा निघाली, तशा शाळा पुढे देशभर झाल्या आणि जगभरचे शिक्षक ती पद्धत बघायला जाऊ लागले. आमच्याकडे टकळ्या कपाटात गेल्या.

का गेल्या, याची कारणे पुष्कळ आहेत. शिक्षकांना ही रीत आत्मसात करायला वेळ मिळाला नाही. पालकांना वाटले, सूतच कातायचे तर शाळेत कशाला पाठवायचे. सरकारी शाळांत ‘मूलोद्योग’ हा वेळापत्रकातला एक तास होऊन बसला. पण एका कारणाशी माझा जवळचा संबंध आहे. आमच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेस मंत्रिमंडळाने त्या वेळी ‘विद्यामंदिर’ या नावाने शाळा काढायचे ठरवले. ‘मंदिर’ या शब्दावर मुसलमानांत नाराजी झाली. मुस्लिम लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालात वर्धा योजना आणि विद्यामंदिरे, दोन्हींवर टीका झाली. अभ्यासक्रम करणाऱ्या समितीचा अध्यक्ष मुसलमान, आणि तरी ही शाळा आपली नाही असे कितीतरी मुसलमानांना वाटले. मी त्यांची थट्टा करणार नाही. नाव ठेवताना शेजाऱ्याला विचारायला हवे होते. पण मला त्यात आपाचा ताप दिसतो. ‘देवीची गाणी आहेत शेवटी,’ हे वाक्य आमच्या घरात पोहोचायला चाळीस वर्षे लागली, एवढेच.

आणि खरे तर आमच्या घरात गाण्यातून शिकवणे काही नवे नव्हते. दख्खनमधल्या सूफींनी सतराव्या शतकाच्या आसपास दखनीत ‘चक्कीनामे’ आणि ‘चरखानामे’ रचले. दळताना आणि सूत कातताना बायकांनी म्हणायची ही गाणी. जात्याच्या खुंट्यात अलिफ पाहा, असे त्यात सांगितले जाते. अल्लाहच्या नावाचे पहिले अक्षर. म्हणजे आपल्या बायका जात्यावर ओव्या म्हणत होत्या, तेच जाते, तीच घरघर, आणि त्याच लयीत धर्माची पहिली ओळख. ज्याने हे रचले त्याला ठाऊक होते की हाताला काम असले की कान मोकळा असतो. माझी दादी दळताना गुणगुणायची, त्यात दखनी किती आणि वऱ्हाडी किती हे वेगळे करणे मला कधी जमले नाही. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याला आम्ही बैलबंडीने जायचो, तेव्हा काकूही बरोबर असायच्या. वाटेत दादी आणि काकू एकाच चालीवर आपापले शब्द म्हणायच्या. चाल कुणाची, हा प्रश्न बंडीत कुणी काढला नाही.

आता भुलाबाईची स्पर्धा होते. मंडळ मांडव घालते, नऊवारी नेसलेल्या महिला मंचावर येतात, परीक्षक गुण देतात. वाईट नाही, निदान शब्द तरी टिकतात. शाळांच्या स्नेहसंमेलनातही लोकगीते असतात. पण तिथे गाते ते ध्वनिक्षेपकाला जोडलेले यंत्र. मुले नाचतात, आणि ओठ हलवतात. ते बघताना मला बसल्या जागी अस्वस्थ व्हायला होते, कारण तुम्हाला आता ठाऊकच आहे. सासूच्या छळाची ती जुनी गाणी आजच्या मुलींना कशाला, असा आक्षेपही येतो. त्यात तथ्य आहे. पण पोरींनी ती गाणी कधीच जशीच्या तशी ठेवली नव्हती. आमच्या वेळी एका साखळीच्या गाण्यात हिंगणघाटच्या गिरणीचा भोंगा शिरला होता. काकूंना तो मान्य नव्हता. पोरींनी ऐकले नाही.

सेवाग्रामला १९७० च्या सुमारास बंद पडलेली नई तालीमची शाळा २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ म्हणून पुन्हा सुरू झाली. मराठी माध्यमाची, शेती, स्वयंपाक, सूत यांच्या आधाराने शिकवणारी. तिचे कौतुक पुष्कळांनी केले आहे, मी नव्याने करत नाही. मला सांगायचे आहे ते माझ्या आपाबद्दल.

आपा पुढे अंगणवाडी सेविका झाली. चार भिंती, एक फळा, वजनाचा काटा आणि तीन ते सहा वर्षांची तीसेक लेकरे. मी एकदा तिच्याकडे गेलो आणि भाऊ कवी आहे म्हणून तिने मला लेकरांना गाणे शिकवायला उभे केले. मी माझ्या आवाजात सुरुवात केली. लेकरे घुटमळली. काही जण पुटपुटायला लागले, काही गप्प बसले. आपा हसली. “अरे बाबू, लेकरं तुझ्या आवाजात कशी गातील? तू त्यांच्या आवाजात ये.” तिने सगळ्यात लहान पोरगी कोणत्या आवाजात बोलते ते आधी ऐकले. तिला विचारले, आज काय खाल्ले? पोरगी म्हणाली, पोळी. त्याच उंचीवर आपाने गाणे उचलले. त्याआधी शब्द न घेता नुसत्या टाळ्या झाल्या, मग टाळ्यांवर चालणे झाले, मग फक्त ओळीचा शेवट. तीसच्या तीस लेकरे गायला लागली.

पेटी वाजवणाऱ्या माझ्या एका मित्राला मी हे सांगितले. तो म्हणाला, यात नवल काय? पुरुषमाणूस आपल्या काळी एकमध्ये षड्ज धरतो. लेकरे ते वरच्या सप्तकात म्हणू बघतात. गाणे खालच्या पंचमाकडे उतरले की त्यांचा आवाज तळाला जातो आणि विरतो. मास्तर म्हणतात बेसूर आहे. पट्टी मास्तरांची चुकलेली असते.

मी त्याला तेच पुन्हा सांगायला लावले. पंचेचाळीस वर्षे मी बेसूर होतो, आणि गोष्ट पेटीवरच्या चार-पाच पट्ट्यांची होती. गुरुजींवर माझा राग नाही. त्यांनाही कुणी सांगितले नसेल. १९३८ च्या कागदात सगळे होते, पण तो कागद त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. टकळ्या मात्र पोहोचल्या.

गेल्या कोजागरीला मी गावी होतो. काकूंच्या अंगणात आता सिमेंट आहे आणि काकू नाहीत. त्यांच्या नातसुनेने ज्वारीची धांडे आणून खोपडी उभी केली होती, आत भुलाबाई. पोरी आठ-दहाच, त्यांतल्या चौघींना गाणी येत होती. आपा गुडघे धरत कुंपणाच्या जागी आता असलेल्या भिंतीला वळसा घालून तिथे गेली आणि फेराच्या कडेला खुर्ची टाकून बसली. टिपऱ्या कमी होत्या. तिने हातातल्या बांगडीवर चमच्याने ठेका धरला. मी तिच्या मागे उभा होतो. ओळीच्या शेवटच्या सुराला आलो, पहिल्या वर्षीच्या पोरीसारखा.

गाणी संपली, नातसून झाकलेले ताट घेऊन आली. सगळ्यात छोट्या पोरीने डोळे मिटले आणि ओरडून अंदाज केला, “मलिदा!” हा शब्द तिला कुणी सांगितला असेल, म्हणून मी आपाकडे पाहिले. ती दुसरीकडे बघत होती.